हडपसरचे डॉल्फिन

हडपसरला समुद्र नाही, हे सरांना सांगायला वर्षातून दोन-तीन माणसं तरी यायचीच. कुणी वर्तमानपत्रातला असायचा, कुणी एखाद्या कॉलेजातला नवा प्राध्यापक. जिना चढून वर यायचा, खोलीभर बांधलेल्या दोऱ्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले शेकडो ट्रेसिंग पेपर बघायचा आणि हमखास विचारायचा, "पण सर, पुण्यात राहून डॉल्फिनचा अभ्यास?"

सर चष्मा पुसत म्हणायचे, "शनी ग्रहाचा अभ्यास करणारे कुठे राहतात, हे आपण विचारलंत का कधी?"

समोरचा हसायचा. सर हसायचे नाहीत. चहाही विचारायचे नाहीत.

प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते ते. कॉलेज त्यांनी सोडलं की कॉलेजने त्यांना, याबद्दल दोन मतं होती आणि दोन्ही मतं सरांच्या कानावर होती. लग्न केलं नव्हतं. हडपसरला आबांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत. आबा म्हणजे घरमालक, मूळचे गावचे शेतकरी. खाली त्यांचा ट्रॅक्टर, वर सर. भिंतीवर देवाचं चित्र नाही, कॅलेंडर नाही. कोकणातल्या एका खाडीच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक तेवढं चिकटवलेलं. सरांचा दिवस त्यावर चालायचा. "आता पाणी उतरायला लागलं," असं म्हणून ते जेवायला बसत, मग घड्याळात अकरा वाजलेले असोत नाहीतर चार. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा टाकीचं पाणी म्हणताहेत असं वाटून मी नळ बंद करायला गेले होते.

आबांना या सगळ्याचं भारी कौतुक होतं. "आमच्या सरांनी माशांची जनगणना चालवलीय," असं ते पाहुण्यांना सांगायचे. एकदा जिन्यातून ओरडून त्यांनी विचारलं, "सर, त्यांच्यात बी घरोघर जाऊन इचारत्यात का हो, किती माणसं हायत म्हणून?"

"तुमच्या जनगणनेपेक्षा बरं आहे, आबा. आमच्यात कोणी खोटं सांगत नाही," सर वरून म्हणाले.

मी त्यांच्याकडे गेले ती एम.एस्सी. झाल्यावर, नोकरी मिळेना म्हणून. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. प्राणिशास्त्राच्या पदवीवर काही होत नाही, हे वडिलांनी बजावल्यामुळे मीही एक डिप्लोमा पदरात पाडून घेतला होता. सरांनी माझी पदवी पाहिली नाही आणि डिप्लोमा तर नाहीच नाही. समोर ट्रेसिंग पेपरचा एक गठ्ठा ठेवला. प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेली एक त्रिकोणी आकृती. "यात किती जनावरं आहेत, सांगा. दोन तास आहेत."

डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतो तेव्हा त्याच्या पाठीवरचा पर, म्हणजे त्रिकोणी पंख, दोन-तीन सेकंद पाण्याबाहेर दिसतो. त्या पराच्या कडेला खाचा असतात. जाळ्याने, भांडणाने, बोटीने पडलेल्या. शाळेतल्या जुन्या पाटीच्या कडेचे कपचे उडालेले असतात तशा. कुठल्याही दोघांच्या खाचा सारख्या नसतात. सर बोटीतून त्या परांचे फोटो काढत, घरी आणून त्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून आकृती उतरवत आणि मग एकावर एक कागद ठेवून खिडकीच्या काचेवर धरत. खाचा जुळल्या तर जनावर एकच, नाहीतर दोन. हा त्यांचा सगळा शोध. वीस वर्षं ते हेच करत होते.

दोन तासांनी मी म्हटलं, "सर, तेवीस किंवा चोवीस."

"'किंवा' नावाचा आकडा मला शिकवलेला नाही," ते म्हणाले. "उद्या पुन्हा या."

मी उद्या गेले, परवाही गेले. चार वर्षं गेले.

मला ते कायम 'तुम्ही' म्हणत. त्यांच्या निम्म्या वयाची होते, तरी कधी एकेरीवर आले नाहीत. डॉल्फिनांनाही त्यांनी कधी नाव दिलं नाही, फक्त नंबर. मला एका मादीचा फार लळा लागला होता. तिच्या पराचा शेंडाच तुटलेला होता आणि तिचं पिल्लू सतत तिच्या उजव्या अंगाला चिकटून असायचं. मी तिला मनात एक नाव दिलं होतं. एकदा ते तोंडातून निघून गेलं. सर म्हणाले, "नाव ठेवलं की आपल्याला वाटतं, आपली ओळख झाली. एकतीस नंबरला आपण कोण ते माहीत नाही. ते विसरू नका." मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

दर दोन महिन्यांनी आम्ही स्वारगेटवरून एस.टी.ने कोकणात उतरायचो. सरांना पोहता येत नव्हतं. बोट लागायची, म्हणजे अशी लागायची की किनारा सुटायच्या आत ते पिवळे पडत. मासळीचा वास सहन होत नसे म्हणून नाकाला कापूर लावलेला रुमाल. आणि अशा अवस्थेत हा माणूस सहा-सहा तास उन्हात कॅमेरा धरून बसायचा, मध्येच काठावरून वाकून ओकायचा, तोंड पुसायचा आणि वेळ लिहून ठेवायचा. ओकल्याची नव्हे, पर दिसल्याची. आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, सरांच्याच वयाचा होता. तो पहिल्यांदा मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "बाई, ह्येंका कोणी शिक्षा केलेली आसा काय?"

 

खरी गोष्ट अशी की दर वर्षी नंबर कमी होत होते. एखादा पर दोन फेऱ्या दिसला नाही की सर त्याच्या कागदाचा चिमटा बदलत. निळ्याच्या जागी लाल. चार फेऱ्या दिसला नाही की कागद काढून ट्रंकेत. ट्रंक बंद केली की त्या दिवशी ते जेवत नसत. भरती असो की ओहोटी. खाडीत कारखान्यांचं पाणी येत होतं, जाळी बारीक होत होती, मोठ्या बोटी वाढत होत्या. सरांनी सरकारला पत्रं लिहिली. उत्तरं आली नाहीत. एक आलं, त्यात त्यांना मत्स्यविक्री परवान्यासाठी दुसऱ्या कार्यालयाकडे अर्ज करायला सांगितलं होतं. ते पत्र त्यांनी दोरीवर लावून ठेवलं होतं.

आणि मग एक दिवस त्यांना त्यांचा आकडा कोणीतरी विचारला.

त्या खाडीच्या तोंडाशी एक मोठी जेट्टी व्हायची होती. त्यासाठी समुद्राच्या तळाचा खडक सुरुंग लावून फोडायचा होता. परवानगीच्या आधी तिथे डॉल्फिन किती, याचा अहवाल हवा होता. तो करून देणारी सल्लागार मंडळी पुण्यातलीच. त्यांचा तरुण अधिकारी टाय लावून आमचा जिना चढला आणि म्हणाला, "सर, या विषयात तुमच्याशिवाय आहेच कोण?" वीस वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं. सरांचे कान लाल झालेले मी पाहिले.

त्यांचा हिशेब साधा होता. खरा आकडा लोकांसमोर आला की जेट्टी होणार नाही. इतकी कमी जनावरं उरली आहेत म्हटल्यावर कोण सुरुंग लावेल? पण अहवाल चार महिन्यांत हवा होता आणि अजून न उतरवलेले फोटो हजारो होते. हाताने दोन वर्षं लागली असती.

तेव्हा मी म्हटलं, "सर, कॉम्प्युटरवर करू."

हे वाक्य माझं. मी ते कोणावर ढकलत नाही.

सल्लागारांनी एक कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर पाठवला. आबांनी त्याला हार घातला, नारळ फोडला. मी रात्रंदिवस बसून एक प्रोग्राम लिहिला: फोटो आत घालायचा, पराच्या कडेवरच्या खाचा माउसने दाखवायच्या, की यंत्र तो पर बाकी सगळ्या परांशी ताडून सांगणार, हा आधीचा की नवा. आज तो प्रोग्राम पाहिला तर हसू येईल. तेव्हा मला तो स्वतःच्या अपत्यासारखा वाटत होता. सर स्क्रीनसमोर हात मागे बांधून उभे राहत. यंत्राने 'एकच' म्हणून लावलेल्या जोड्या त्यांनी एकूण एक तपासल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. ते म्हणाले, "तुमचं यंत्र तुमच्यापेक्षा बरं आहे. 'किंवा' म्हणत नाही."

त्यांच्याकडून मिळालेली ही एकमेव शाबासकी.

आकडा आला तो मी इथे लिहीत नाही. सरांनी तो मागे घेतलेला आहे आणि मागे घेतलेला आकडा पुन्हा उच्चारायचा नाही, असं तेच सांगून गेलेत. एवढंच सांगते की तो आमच्या भीतीपेक्षा खूप मोठा होता. सर खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "म्हणजे आहेत. म्हणजे मीच त्यांना उगाच मारत होतो." उठून, पायात चपला न घालता खाली गेले आणि आबांना म्हणाले, "आबा, आहेत!" आबांना काही कळलं नाही, पण त्यांनी जिलबी मागवली. इतका आनंदी माणूस मी त्यानंतर पाहिला नाही, आणि त्यांना तर नाहीच. जन्मभर प्रत्येक कागदावर संशय घेणाऱ्या माणसाने एक आकडा केवळ चांगला होता म्हणून विश्वासाने घेतला.

अहवाल गेला. त्यात शेवटी एक ओळ सल्लागारांनी घातली: संख्या समाधानकारक असून कामामुळे तीवर लक्षणीय परिणाम संभवत नाही. सरांनी ती वाचली तेव्हा फोन करून पुष्कळ भांडले. टायवाला अधिकारी म्हणाला, "सर, आकडा तुमचाच आहे. आम्ही फक्त त्याचा अर्थ लिहिला."

मी तोवर नोकरीला लागले होते. हडपसरलाच, आबांच्या उसाच्या रानावर उभ्या राहिलेल्या आयटी पार्कमध्ये. मुलाखतीत मी माझा डॉल्फिन ओळखणारा प्रोग्राम दाखवला आणि समोरची तिघं माणसं खूश होऊन गेली. 'इनोव्हेटिव्ह' म्हणाली. माझ्या टेबलापासून सरांची खिडकी चालत दहा मिनिटांवर होती. पहिले काही महिने मी दर शनिवारी गेले. मग महिन्यातून एकदा. मग दिवाळीला.

एका दुपारी सरांचा ऑफिसात फोन आला. "जेवणाच्या सुट्टीत येता येईल का?" सरांनी कधी कोणाला बोलावलं नव्हतं. मी गळ्यातलं ओळखपत्र तसंच ठेवून गेले.

खोलीभर पुन्हा दोऱ्या बांधलेल्या होत्या. अहवाल गेल्यापासून सरांनी सगळे फोटो पुन्हा हाताने उतरवायला घेतले होते. का, तर म्हणे सवय. त्यांनी दोन कागद माझ्या हातात दिले. "हे तुमच्या यंत्राच्या मते दोन आहेत." मी पाहिलं. दोनच होते, एकाच्या खाचा डावीकडे, दुसऱ्याच्या उजवीकडे. सरांनी एक कागद माझ्या हातून घेतला, उलटा केला, दुसऱ्यावर ठेवला आणि काचेवर धरला.

खाच न् खाच जुळली.

एकच जनावर. एकदा डावीकडून फोटो काढलेलं, एकदा उजवीकडून. ट्रेसिंग पेपर दोन्ही बाजूंनी दिसतो. सर वीस वर्षं प्रत्येक कागद आधी सरळ आणि मग उलटा धरून बघत आले होते. ते त्यांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की नियम म्हणून सांगायचं त्यांना कधी सुचलंच नाही. पण मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. चार वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं. आणि प्रोग्राम लिहिताना मला आठवलं नाही. यंत्राला चित्राची एकच बाजू ठाऊक होती. यंत्र ज्यांना 'एकच' म्हणत होतं ते आम्ही तपासले. ज्यांना 'वेगळे' म्हणत होतं ते तपासावेत, असं दोघांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. कारण जास्त असावेत असंच दोघांना वाटत होतं.

"असे किती आहेत, सर?"

"जवळजवळ सगळे," ते म्हणाले. "आपण प्रत्येकाला दोनदा मोजलं."

खाली आबांची नवी जीप सुरू झाली आणि गेली. मी रडले नाही. रडायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं.

परवानगीच्या समितीची शेवटची बैठक पुण्यातच, एका सरकारी इमारतीत होती. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात ट्रेसिंग पेपरांची पिशवी. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुसऱ्या रांगेत बसले होते. काय बोलायचं ते मी लिहूनही आणलं होतं: प्रोग्राम माझा, चूक कशी झाली, कुठल्या ओळीत झाली, दुरुस्त केल्यावर आकडा काय येतो. पाच मिनिटांचं काम होतं. कागद पर्समध्ये होता.

सर उभे राहिले आणि म्हणाले, "मी दिलेला आकडा चुकीचा आहे. खरा त्याच्या निम्माच आहे. तो मागे घ्यायला आलो आहे."

अध्यक्षांनी अहवाल चाळला. "पण सर, हे तर कॉम्प्युटराइज्ड अॅनालिसिस आहे."

"हो. ते चुकलं."

"आणि बरोबर काय आहे?"

सरांनी पिशवीतून कागद काढले. एक सरळ धरला, एक उलटा केला, एकावर एक ठेवले आणि उजेड हवा म्हणून ट्यूबलाइटकडे हात उंच केले. वर पंखा फिरत होता. कागद फडफडले, दोन-चार उडून गेले, आणि सर ते गोळा करायला खुर्च्यांमधून वाकले. कोणीतरी हसलं. कंपनीचा वकील उभा राहून अगदी आदराने म्हणाला, "सर, आम्ही संगणकाचा निष्कर्ष बाजूला ठेवून हाताने काढलेली चित्रं मानावीत, असं आपलं म्हणणं आहे का? आणि हा प्रोग्राम कोणी लिहिला? त्या व्यक्तीचंही असंच मत आहे का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. जिन्यात आम्ही भेटलो होतो. ते म्हणाले, "अहवालावर सही माझी आहे. चूक माझी आहे."

मला पुढच्या महिन्यात कंपनी अमेरिकेला पाठवणार होती. तो प्रोग्राम माझ्या बायोडेटावर पहिल्या ओळीत होता. माझ्या बाजूला एक टाय लावलेला माणूस बसला होता आणि त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हातारा हट्टी आहे अशा अर्थाने. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. उठले असते तर सर वेडे म्हातारे ठरले नसते; ती साधी तांत्रिक चूक ठरली असती, आणि तांत्रिक चूक त्या लोकांना कळत होती. हे मला तेव्हाही नीट समजत होतं. समजलं नाही म्हणून गप्प बसले, असं म्हणायची सोय मला नाही.

समितीने पहिला आकडा ग्राह्य धरला.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "तुम्हाला ऑफिसला उशीर होईल. जा." रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे कधीही, एका शब्दानेही, त्यांनी तो विषय काढला नाही. अमेरिकेहून मी फोन करायचे तेव्हा ते तिकडचं हवामान विचारायचे.

सुरुंग दोन हिवाळे चालले. डॉल्फिन आवाजाने बघतो, सर सांगायचे. पाण्यात तो ऐकून चालतो. तांडेल फोन करून कळवायचा: आज किनाऱ्याला एक लागला, आज दोन. सर एस.टी. पकडून जायचे, फुगलेल्या जनावराच्या शेजारी रुमाल बांधून बसायचे आणि पर उतरवून घ्यायचे, दोन्ही बाजूंनी. एकतीस नंबर तिसऱ्या खेपेला मिळाली. हे त्यांनी मला एका पोस्टकार्डावर कळवलं. नंबर नाही लिहिला. मी एकदा चुकून उच्चारलेलं ते नाव लिहिलं होतं.

मी त्या कार्डाला उत्तर दिलं नाही.

सर गेले तेव्हा मी भारतात नव्हते. आबांनीच सगळं केलं. नंतर भेटायला गेले तेव्हा घराच्या जागी पाच मजली इमारत उठत होती. आबा थकले होते. म्हणाले, "शेवटी शेवटी लई येळ खिडकीत उभं ऱ्हायचे. मी म्हनायचो, सर, बसा जरा. तर म्हनायचे, आबा, अजून थोडे ऱ्हायलेत तपासायचे." ट्रंक त्यांनी जपून ठेवली होती. ती मी माझ्या घरी आणली. तिच्यात त्या खाडीतला जवळजवळ प्रत्येक पर आहे.

पुढे जेट्टीचा दुसरा टप्पा निघाला. पुन्हा समिती, पुन्हा पुण्यात बैठक. या वेळी मी कोणाला न विचारता गेले आणि नाव पुकारायची वाट न बघता उभी राहिले. प्रोग्राम मी लिहिला होता, चूक माझी होती, सर खरं सांगत होते आणि मी दुसऱ्या रांगेत गप्प बसले होते, हे सगळं क्रमाने सांगितलं.  कोणी हसलं नाही.  नव्या बाई अध्यक्ष होत्या, त्यांनी मला पाणी द्यायला सांगितलं.

मग समोरच्या अहवालाचं एक पान उलटून त्या सौम्यपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकते. पण इथे लिहिलंय की त्या खाडीत आता डॉल्फिन नाहीत. हे बरोबर आहे का?"

आदल्याच आठवड्यात तांडेलाच्या मुलाबरोबर मी तीन दिवस पाण्यावर होते. सरांच्याच पद्धतीने, सरांनीच नकाशावर आखलेल्या रेघांवरून बोट नेली होती.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"मग आपली हरकत नेमकी कशाला आहे?"

मी खाली बसले.